मिनलचा एक महिना

रामटेक, २ जून २०२६

चि. सौ. काजल हिला गोपिका मावशीचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

वैभवरावांचा खोकला कसा आहे? तुझ्या सासूबाईंचे गुडघे? तुझी कंबर? मिनलचं शेवटी विचारते, कारण तिच्यावरून मले भांडायचं आहे.

तू लिहिलंस, डॉक्टरीणबाईंनी मिनलची पोटात असतानाची सोनोग्राफीची मापं आणि दोन वर्षांची झाल्यावरचं आजचं चालणं-बोलणं जोडून पाहिलं, अन् गर्भातच वाढ कमी म्हणून पोरगी मागे, असा शेरा दिला. आता तुझ्या सासूबाई तुळसाबाई म्हणतात, कमजोर पोरीले प्ले-स्कूलात टाकून हसं काहून करून घ्यायचं.

काजल वं, चूक पोरीची नाही, माझी आहे! काल जावई वैभवरावांच्या धोंड्याच्या जेवणासाठी अनारसे तळताना लख्ख आठवलं. तुला दिवस गेले त्या साली धोंड्याचा महिना श्रावणात आला होता, श्रावण दोन होते. सातव्यात पहिल्यांदा दवाखान्यात गेलो, नर्सने शेवटच्या पाळीची तारीख विचारली. मीच ठसक्यात श्रावणातली अमावस्या सांगितली, कॅलेंडर पाहून सोळा ऑगस्ट लिहायला लावलं. ते पान पहिल्या, धोंड्याच्या श्रावणाचं! तू तर पोळ्याला अलग बसली होतीस, बैलांना मी एकटीनं ओवाळलं. धोंड्यात पोळा असतो का? पोळा होता चौदा सप्टेंबरला.

म्हणजे महिनाभर मोठ्या लेकराच्या मापानं तिला मोजलं, अन् वाढत नाही म्हणून घाईनं सिझर केलं. हे पत्र डॉक्टरीणबाईंना दाखव. लाजू नको.

तुझी मावशी

कोराडी, ९ जून

ती. मावशीस काजलचा सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी पत्र दोनदा वाचलं, हसल्या नाहीत. मिनलचं जन्माचं वजन नव्या तारखेनं येणाऱ्या पस्तीस आठवड्यांना बरोबर बसतं म्हणाल्या, शेरा खोडला. पण लवकर जन्मलेल्या लेकरावरही लक्ष ठेवावं लागतं, आणि शब्द अजून थोडे कमीच आहेत, असंही म्हणाल्या. सासूबाईंनी तेवढंच धरलं. शाळेत नाव घालायचा माझा धीर होत नाही.

तुझी काजल

रामटेक, १३ जून

चि. काजल, आशीर्वाद.

शब्द कमी आहेत, तर शब्द जिथे मिळतात तिथे पोरीला न्यायचं की घरात कोंडायचं? तुळसाबाईंना माझा नमस्कार सांग, अन् हेही सांग की मापं दर महिन्याला घ्या, मी ना म्हणत नाही. पण पोरीला घरी बसवा, असं कोणत्या मापात लिहिलं आहे ते मले दाखवा. शेरा खोडला नसता, तरी मी हेच म्हटलं असतं.

शाळा उघडेल त्या दिवशी पहिल्या बसनं येते. मिनलला कडेवर घेऊन मीच जाईन. ज्यांना हसायचं त्यांनी दारात उभं राहून हसावं.

नाव घातलंस का, तेवढं लिही. दोनच ओळी चालतील, पण लवकर.

तुझी मावशी