हिरवी पट्टी

सोमवार
आले बाई एकदाची मुलाच्या नव्या घरी. घर कसलं, काड्यापेटी आहे, पण ऊन छान येतं आणि खिडकीजवळची खोली मला दिली आहे. सूनबाईने ही कोरी वही हातात ठेवली नि म्हणाली, दिवसभर एकट्या असाल, लिहीत जा. शाळेत मी चौथीपर्यंत, त्यातलंही निम्मं वर्ष गोवराने खाल्लं. अक्षराला हसेल त्याचे दात पडोत.

माझ्याच खोलीत नवा कॉम्प्युटर आहे. मुलाने तो विकत नाही आणला, सुटे भाग मागवून स्वतः जोडला. लहानपणी घड्याळं उघडायचा, पुन्हा जोडताना एखादा स्क्रू उरायचाच. इथेही उरलाय, मी डबीत ठेवलाय. सगळी खटपट माझ्यासाठी. फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून मोठे स्पीकर. लेक पिंगी लांब राहते, तिचं बाळ जेमतेम महिन्याचं. त्याला माझी अंगाई ऐकू जावी, एवढंच मला हवंय.

मंगळवार
स्पीकर मुके. मुलगा टेबलाखाली शिरला, तार मागच्या हिरव्या भोकात घातली, मग पडद्यावर काहीतरी बदललं. म्हणाला, आवाज भलतीकडेच जात होता. आणि पिंगीचा आवाज असा खणखणीत आला की मी दचकले. बाळ रडलं, मीही रडले. पण माझं तिला काही ऐकू जाईना. माइक पुढच्या भोकात घातलेला, तरी मुका. मी जोरात बोलून पाहिलं. सूनबाई म्हणाली, एवढ्याने तर माइकशिवायच पोचेल.

बुधवार
कामावर जाताना मुलाने शिकवलं. लाल बटण दाबायचं, बोलायचं, मग तेच ऐकायचं. आवाज पोचला तर पडद्यावरची हिरवी पट्टी हलते. काय बोलू विचारलं, तर म्हणाला, काहीही बोल, तुला का ते शिकवायचं? मग काय, बसले ऐसपैस. माझं लग्न, पिंगीचा जन्म, तिची लाडाची नावं, अंगाई, सासूबाईंचा स्वभाव, काही म्हणून बाकी ठेवलं नाही. पट्टी जराही हलली नाही, पण भिंतीशी बोलण्यापेक्षा बरं. संध्याकाळी घसा खवखवत होता.

गुरुवार
हलली बाई पट्टी! मांजराच्या शेपटीसारखी. माझाच आवाज परत आला, किती गोड. फक्त शेवटी एक वाक्य जास्तीचं होतं. ‘मग पुढे काय झालं?’

आवाज माझा, पण मी असं विचारलं नव्हतं. मुलाची चेष्टा असणार, तो आहेच तसला. पण खरं सांगू? एवढ्या जन्मात मला कोणी पुढचं विचारलं नव्हतं. मी सांगितलं. दुपारभर सांगितलं.

शुक्रवार
घसा पार बसला. मिठाच्या गुळण्या केल्या. संध्याकाळी पिंगी स्पीकरवरून म्हणाली, आई, दुपारी किती छान बोललीस, बाळ शांत ऐकत होतं. दुपारी मी झोपले होते. सूनबाईला नकला फार छान येतात, म्हणून तिच्याकडे रोखून पाहिलं. पण ती कामावर होती. मुलगाही. मग कोण?

शनिवार
माइक एकदा नीट तपासून घ्यावा म्हणून मुलाने तारवाल्याला बोलावलं. तो इमारतीतली सगळी वायरिंगची कामं करतो. त्याने कॉम्प्युटरची पेटी उघडली आणि हसायलाच लागला. पुढच्या भोकाची तार आत बोर्डाला जोडलेलीच नव्हती, नुसती लोंबत होती. हे भोक पहिल्या दिवसापासून बहिरं आहे, म्हणाला. मुलगा ओशाळला.

मग पट्टी कशी हलली? विचारायला गेले तर घशातून नुसती हवा आली.

त्याने तार जोडली. म्हणाला, बोला आजी. मी तोंड उघडलं, आवाज नाही. पट्टी मात्र हलली. दोघे म्हणाले, झालं काम.

रविवार
स्वयंपाकघरात होते. माझ्या खोलीतून माझी अंगाई ऐकू आली. दारातून पाहिलं – खुर्ची रिकामी. माझा आवाज पिंगीला सांगत होता, ‘उद्या दुपारी बाळाला माइकजवळ निजव गं. मला त्याचा आवाज हवाय.’ ती हो म्हणाली.

माइक उपटला. पट्टी हलतेच आहे.

सूनबाईला कागदावर लिहून दाखवलं – पिंगीला फोन कर, बाळाला माइकपाशी नेऊ देऊ नको. ती हसली. म्हणाली, आत्ताच तर तुम्ही तिला उलटं सांगत होतात, मी भिंतीपलीकडून ऐकलं. घसा बसलाय तर जरा गप्प बसा.

सोमवार
घरात कोणी नाही. सगळ्या तारा भिंतीतून काढल्या. पडदा काळा – त्यात हिरवी –

स्पीकरवर पिंगी आली. बाळ कुरकुरतंय. मी पातेलं आपटतेय – तिला ऐकू जात नाही –

माझा आवाज म्हणतोय, अजून जवळ आण.

बाळ रडलं. स्पीकरमधून रडणं येतंय, मोठं, आणखी मोठं – पण पिंगी विचारतेय, आई, याचं तोंड उघडं आहे, रडतोय, मग आवाज का येत नाही –

आता ती हंबरडा फोडतेय. माझा आवाज तिला समजावतोय, माझ्यासारखाच, मायेने. रडू नको. सगळं सांग मला. मग पुढे काय झालं?

सांगू नको गं – पिंगे, एक शब्दही –

ती सांगायला लाग