आईनं काय काय सोडलं

सांगली, एप्रिल १९४५

प्रिय अक्का,

तुझं कार्ड पोचलं. धाकटीला दात आले आणि पहिलाच चावा तिनं भावजींच्या बोटाला घेतला, हे वाचून एकटाच हसलो. पोरगी आपल्या वळणावर गेली म्हणायची! उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. परीक्षा होती, आणि परीक्षा आली की माझं काय होतं ते तुला ठाऊकच आहे.

संक्रांतीला घरी गेलो तेव्हा आपलं गुऱ्हाळ लागलं होतं. आई सगळ्यांच्या हातावर ऊन गूळ ठेवत होती, आणि स्वतः मात्र बोटसुद्धा चाटत नव्हती. मी इंटरला पहिल्यांदा आपटलो तेव्हा तिनं यमाईपुढं गूळ सोडला, पोरगा पास होईस्तोवर. दुसऱ्यांदा आपटलो, तेव्हा मीठ. एवढं तुला माहीत आहे. पण दिवाळीपासून तिनं रात्रीचं जेवणही सोडलंय, हे तुला कुणी कळवलं नसणार. या खेपेला तर मी अजून नापासही झालो नव्हतो गं! देवीला आगाऊच देऊन ठेवलं. फार वाळली आहे. पाण्याची घागर उचलताना मधेच बसते आणि कुणी पाहिलं तर पदरानं तोंड पुसत उठते.

मी भांडलो तिच्याशी. म्हटलं, कॉलेज सोडतो, आबांच्या मागं पलटणीत जातो, पण तू नीट जेव. चुलीपुढून हललीसुद्धा नाही. म्हणाली, "सोड की बाबा. पर मी देवीला बोललेय, तू पास झाल्याबिगर मला मीठ न्हाई. तू शाळाच सोडलीस तर माझं ह्ये कवा सुटायचं?" त्या दिवशी मीही हट्टानं बिनमिठाचं कालवण घेऊन बसलो, तर रडायलाच लागली आणि माझ्या ताटात स्वतःच्या हातानं मीठ वाढलं. आबा घरी असते तर एका शब्दात गप्प केलं असतं तिला. पण ते तिकडं ब्रह्मदेशात, आणि लिहितात काय, तर सगळ्या पलटणीला सांगून ठेवलंय, आमचं पोरगं बी.ए. होणार. घ्या!

मी ढ नाही, अक्का. माझ्या खोलीतला वाईचा मधु माझ्याकडून लॉजिक समजावून घेतो आणि पास होतो. त्यानंच मला युक्त्या शिकवल्या. कागद हातात आला की आधी पाणी पी, सोपा प्रश्न हुडक, शेजारच्याकडं बघू नकोस. बिचारा पहाटे मला घेऊन कृष्णेच्या घाटावर फिरायला यायचा. घाटावर सगळं घडाघडा येतं. हॉलमध्ये पाऊल टाकलं की हाताला घाम सुटून टाक निसटतो.

पास झालो असं खोटंच सांगावं, असंही मनात आलं. पण आई त्याच दिवशी डोंगर चढून नवस फेडायला जाईल. पुढं खरं कळलं की देवीला फसवलं म्हणून स्वतःलाच आणखी शिक्षा करून घेईल. तिचा स्वभाव तू जाणतेस.

आता खरं ते लिहितो. परवा लॉजिकचा पेपर झाला. पहिलाच प्रश्न मला येत होता. लिहायला घेतलं आणि डोळ्यांपुढं तिचं ताट आलं. हात थांबला तो थांबलाच. कोरा पेपर देऊन बाहेर आलो. काल आणि आज गेलोच नाही. मधुखेरीज कुणाला ठाऊक नाही. जूनमध्ये वर्तमानपत्रात निकाल येईल आणि गावातल्या शाळेचे मास्तर घरी येऊन तिला सांगतील. त्याआधी तू माहेरी जा. ऊन आहे, लेकरू लहान आहे, भावजी कुरकुरतील, सगळं कळतं मला. तरी जा, तुझ्या पाया पडतो. तिला बोलू नकोस, समजावू नकोस, नुसती तिच्या ताटाला ताट लावून बस. आता तिच्यापाशी सोडायला दुपारची एक भाकरीच उरली आहे गं, आणि ती तिला सोडू नको म्हणायला माझं तोंड नाही.

तुझाच,
कृष्णात