पेटीतलं धोतर

महाड,
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

चि. हनोक यास मिलकाताईचे अनेक आशीर्वाद व शालोम. वि. वि.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतेय. आता मधे तोंड घालता येणार नाही तुला.

आपला सेफेर तोरा चोरीला गेलाय. परवा मुंबईहून तोरा लिहिणारे सोफेर आले होते, अक्षर न् अक्षर तपासायला. गुंडाळीची ही पोथी नीट निघाली असती, तर तिथल्या सिनेगॉगमध्ये पुन्हा वाचली गेली असती. इथे ती वाचायला लागणारे दहा पुरुष जमत नाहीत, म्हणून पंधरा वर्षं कुणी ती उघडलीच नव्हती. पेटी उघडली, तर आत दोन दांड्यांवर बाबांचं धोतर गुंडाळलेलं! सोफेर माझ्याकडे असे बघत राहिले की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझा संशय महमूदभाईंवर आहे. शेजारी असले म्हणून काय झालं? बाबा गेल्यापासून प्रार्थनेच्या खोलीची दुसरी किल्ली त्यांच्याकडेच असते. टेंपो त्यांचा, आणि बाबांची धोतरं वाळायची ती दोन्ही घरांमधल्या दोरीवर. विचारलं तर मान खाली घालून म्हणाले, मला नाय माहीत. खोटं बोलणाऱ्याची मान मी तीस वर्षं वर्गात पाहिलीय.

२०२१च्या पुरात पोथी गेली म्हणावं, तर तेही नाही. आदल्या दिवशी मीच पेटी उजळायला खाली आणली होती. पण बाबांनी ती वेळेत वर नेली, असं ते स्वतः म्हणाले होते. त्या वर्षी साखर वाढली म्हणून सोमवार-गुरुवार उपाशी राहायचे बिचारे, तरी पेटीपुढचा दिवा त्यांनी कधी चुकवला नाही.

गुरुवारी मी पोलिसांत तक्रार देणार. तुझं काय म्हणणं असेल ते तोवर कळव. अंगावर स्वेटर घालत जा, आणि लोभ आहे तो आटू देऊ नकोस.

तुझी
मिलकाताई

अश्दोद,
४ नोव्हेंबर २०२५

ती. मिलकाताईस हनोकचा सा. शालोम. वि. वि.

तक्रार देऊ नकोस. आधी शेवटपर्यंत वाच, मग मला हवं तेवढं बोल.

काल महमूदभाईंना फोन केला. मलाही तेच म्हणाले, नाय माहीत. पोलिसांचं नाव काढलं तेव्हा रडायला लागले. तुरुंगात जाईन, पण तुमच्या बाबांना, एझिकेलचाचांना दिलेला शब्द मोडणार नाय, म्हणाले. शेवटी साजिदाभाभींनी फोन हिसकावून घेतला आणि सगळं सांगितलं.

पुरात पेटी खालीच होती, ताई. तू ठेवलीस तिथेच. पाणी ओसरल्यावर चिखलात सापडली, तेव्हा अक्षरं विरघळून गेली होती. अशी पोथी मातीच्या मडक्यात घालून पुरायची, हे तुला मी काय सांगू? बाबा आणि महमूदभाई ती टेंपोतून कापड्याच्या आपल्या कब्रस्तानात घेऊन गेले आणि आजोबांच्या पायाशी पुरली. मडक्याला हात लावण्याआधी महमूदभाईंनी हातपाय धुऊन वजू केलं. तौरात आमचीही किताब हाय, म्हणाले.

धोतर बाबांनीच भरलं, पेटी तुझ्या हाताला हलकी लागू नये म्हणून. पोथी जमिनीवर पडली की उपास करायचे असतात. तुला कळलं असतं, तर तू एकही सोडला नसतास. आणि तेव्हा तू नुकती आजारातून उठली होतीस, जिना चढताना धाप लागायची तुला. तुझे उपास बाबांनी केले. त्यांना साखर कधीच नव्हती.

रागाव माझ्यावर, पण माया पातळ करू नकोस.

तुझा
हनोक

महाड,
गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

चि. हनोक यास आशीर्वाद व शालोम.

पोलिसांत गेले नाही. सकाळी महमूदभाईंच्या टेंपोतून कापड्याला गेले. जागा दाखवून ते मागे जाऊन उभे राहिले. मी माफी मागितली. तर म्हणाले, तुमचा संशय खरा होता ताई, मी खोटं बोललोच होतो. मग मला फारच रडू आलं.

बाबांचा रागही येतोय. तीन वर्षं सिमहाथ तोराच्या सणाला मी त्यांच्यादेखत त्या पेटीचं चुंबन घेतलं, आणि ते बघत राहिले.

सोफेरना फोन केला. पोथी रीतीप्रमाणेच पुरली, म्हणाले. मी विचारलं, एकाचे उपास दुसऱ्याने केले तर चालतात का? ते म्हणाले, पुस्तकात बघून कळवतो.

कळवतील तेव्हा कळवतील. साजिदाने खिचडी पाठवलीय, ती झाकून ठेवलीय. चांदण्या दिसल्या की खाईन. सोमवारीही तसंच.

लोभ ठेव, आणि माझ्यापासून काही लपवू नकोस.

तुझी
मिलकाताई