मामांच्या लाल डोळ्यास

तीर्थस्वरूप मामांना साष्टांग नमस्कार, आणि लाल झालेल्या उजव्या डोळ्याला एक वेगळा.

मामींचं पत्र पोचलं. डोळा लाल आहे, उजेड सोसत नाही, पण दुखण्यावरची गोळी घेतली की ठणका थांबतो, म्हणून डॉक्टर नको, असं तुमचं म्हणणं. (कॉलेज नको म्हणताना माझंही काहीसं असंच होतं.) माझी तब्येत उत्तम, नोकरी पुन्हा नवी.

सध्या डोळ्यांच्या दवाखान्यात संशोधनाच्या कामावर आहे. डोळ्याला आतून सूज आलेल्यांना नेहमीचे थेंब मिळतातच. वर निम्म्यांना दुखणं थांबवणारी गोळी, निम्म्यांना हुबेहूब तशीच, पण बिनऔषधाची. त्या गोळीनं नुसतं दुखणं जातं की सूजही उतरते, ते बघायचंय. कुणाला कुठली, हे पेशंटला ठाऊक नाही, मला नाही, डॉक्टरीणबाईंनाही नाही! एवढी शिकलेली माणसं मुद्दाम स्वतःपासूनच लपवून ठेवतात. (आपल्या घरात साखरेचा डबा लपत नाही.)

माझं काम एवढंच, की शून्य ते दहा, किती दुखतंय, ते विचारायचं. पण आल्या आल्या असं विचारणं मला कोरडं वाटलं. म्हणून मी आधी माझ्या ट्रकप्रवासाचे किस्से सांगायचो. (एकदा तर ड्रायव्हरच मागे राहिला होता, ते भेटीत.) माझे सगळे पेशंट शून्य सांगायला लागले! मी बढतीच्या आशेवर, आणि बाईंनी बोलावून घेतलं.

"अरे बाबा, गोळीनं बरं वाटलं की तुझ्या बडबडीनं, हे मी आता ओळखू कसं?"

माझे सगळे आकडे बाद. मी म्हटलं, "पण दुखायचं थांबलं ना, बाई?"

त्यांनी मला डोळे तपासायच्या यंत्राशी बसवलं. समोर एक शिंपीकाका, शून्य सांगून खुशीत. अंधार केला, त्यांच्या डोळ्यात फटीएवढा उजेड सोडला, आणि मामा, काय सांगू! बुबुळापुढच्या त्या थेंबभर पाण्यात कण तरंगत होते, कवडशातल्या धुळीसारखे, काही वर चढणारे, काही उतरणारे. तीच सूज. दुखणं शून्य, आणि आत हे चाललेलं! एवढ्याशा जागेत केवढं आभाळ! काका विचारत होते, "काय दिसतंय रे?" आणि मला, मामा, मला बोलता येईना. नंतर रस्त्यात दिसेल त्याच्या डोळ्यांत बघत हिंडलो. एका बाईंनी झापल्यावर थांबलो.

बाकी सगळं छान.

तुमचा भटका भाचा

ता.क. आता डावा डोळा झाकून हे पत्र पुन्हा वाचा. माझ्या अक्षराचं निमित्त चालणार नाही, दवाखान्यातल्या ताईंकडून टाइप करून घेतलंय. स्वच्छ दिसलं तरी आजच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

पुन्हा ता.क. धूसर दिसलं, तर कागद मामींकडे द्या. मामी, वाचून झालं की यांना एक शब्द बोलू देऊ नका. चपला घाला आणि निघा.