टाकीत किती होतं

२ जानेवारी, गुरुवार

पोलिसांनी गाडी सोडली. क्रेनवाल्यानं अंगणात खजुराच्या झाडाखाली उतरवली आणि कुणाकडे न बघता निघून गेला. छत ड्रायव्हरच्या बाजूनं आत गेलंय. बाकी ओळखू येते. यारूबचीच.

आईनं स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. बाबा बाहेर खुर्ची टाकून बसलेत, गाडीकडे तोंड करून.

यारूबला, माझ्या भावाला, जाऊन आज सहा दिवस. बिदियाची वाळूची मोठी टेकडी चढत होता, माथा वीस फुटांवर, आणि इंजिन गप्प झालं. गाडी मागं घसरली, आडवी झाली, आणि मग — नाही लिहवत.

३ जानेवारी, शुक्रवार

बाबांचं पहिल्या दिवसापासून एकच. 'पंपानं मारलं माझ्या पोराला.'

टाकीतून इंजिनाला पेट्रोल ओढणारा मोठा पंप, ते आत फवारणारे मोठे इंजेक्टर, जाड नळी — सगळं नोव्हेंबरात खल्फानकाकांनी आपल्या गॅरेजात बसवलं. काका म्हणजे बाबांचे चाळीस वर्षांचे दोस्त. दोघं एकाच खटारा लँड क्रूझरमध्ये वाळू चढायला शिकले. यारूबच्या हातात पहिला पाना काकांनीच दिला होता.

दुखवट्याला काका आले होते. मी दाराआडून बघत होते. कॉफी फिरत फिरत त्यांच्यापर्यंत आली, आणि बाबांनी कॉफी देणाऱ्याला नुसतं डोळ्यांनी खुणावलं. कप त्यांना ओलांडून शेजारच्याकडे गेला. पुरुषांची अख्खी बैठक गालिच्याकडे बघत राहिली! काकांचा हात अर्धा पुढे आलेला होता, तो त्यांनी हळूच मांडीवर ठेवला. थोडा वेळ बसले. मग यारूबसाठी दुआ मागून उठले.

५ जानेवारी, रविवार

लोक काकांच्या गॅरेजमधून गाड्या परत नेतायत. बाबा रोज नमाजानंतर मशिदीच्या पायरीवर बसून सांगतात ना सगळ्यांना! आमच्या चुलतभावानंही आपली नेली. अर्धी उघडलेली, बॉनेटशिवाय, दोरीनं ओढत.

६ जानेवारी

त्या दिवसाची गोष्ट लिहायचा प्रयत्न केला. सगळं उलट्या क्रमानं — गाडी पायथ्याला पडलेली, मग उठते, उताणी सरळ होते, वर वर जाते. कॉलेजात असल्या करामतींना टाळ्या मिळायच्या. फाडलं. कसंही लिहिलं तरी वीस फूट उरतातच.

७ जानेवारी, मंगळवार

काकांकडे गेले. आईला म्हटलं, मैत्रिणीकडे.

गॅरेज रिकामं. काका उलट्या डब्यावर बसून एकच स्पॅनर पुसत होते. मला बघून म्हणाले, 'ये गं. आता तूही गाडी न्यायला आलीस का? तुझी तर इथं नाहीच.' हसले. मला हसता आलं नाही.

सरळ विचारलं — तो पंप बसवायची गरज होती का?

काका बराच वेळ बोलले. म्हणाले, रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला असलं काही कधी बसवू नये. कंपनीचा पंप पुरून उरतो. उगाच मोठे इंजेक्टर घातले तर गाडी नुसती पेट्रोल पिते आणि सिग्नलला ठसकते. निम्म्या गिऱ्हाइकांना त्यांनी असंच परत पाठवलंय. पण यारूबनं इंजिनाचा जोर वाढवायला टर्बो लावला होता. टर्बोला जास्त पेट्रोल लागतं, ते मिळालं नाही तर चढावर इंजिन भाजून निघतं. त्याला पंप हवाच होता. फक्त मोठा पंप भसाभस ओढतो, आणि तीव्र चढावर टाकीतलं पेट्रोल मागं सरकतं. टाकीत कमी असलं तर पंपाच्या तोंडाशी हवाच येते. म्हणून त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. इंजिनाजवळ एक लहान टाकी बसव, वेळेला तिच्यातलं कामी येतं. ती बसेपर्यंत मोठी टाकी अर्धी भरल्याशिवाय टेकडीला हात लावू नकोस.

लहान टाकी यारूब पुढच्या महिन्यात बसवणार होता.

मी विचारलं, मग त्या दिवशी मोठ्या टाकीत किती होतं?

काका स्पॅनर पुसत राहिले.

'टाकी फुटली नसेल तर जेवढं होतं तेवढं अजून आत असेल. पण तू बघू नकोस, रय्या.'

८ जानेवारी

झोप नाही. कारण मला आठवतंय.

गुरुवारी, अपघाताच्या आदल्या दिवशी, आम्ही सगळे अंगणात जेवत होतो. यारूब पेट्रोल पंपावर जाऊन अर्धी टाकी भरून आणतो म्हणाला. बाबांनी हातातला भात तसाच धरून त्याच्याकडे पाहिलं. 'अर्धी टाकी? वर तुझे उंट बांधलेत का, पाजायला?' आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा. आईसुद्धा.

बाबांचं हे जुनंच. टेकडी हलक्या गाडीनं चढायची. मागची सीट काढा, स्टेपनी काढा, पेट्रोल चार घोट. बिदियात सगळे असंच करतात, कारण बाबांनी असंच करून वीस वर्षं टेकडी जिंकली. त्यांच्या वेळचे पंप लहान होते, हळू ओढायचे. चार घोट पुरायचे.

यारूब कान खाजवत म्हणाला, 'काका म्हणाले होते —' आणि बाबा म्हणाले, 'तुझा काका टेकडीवर कायम माझ्यामागंच असायचा.'

परत हशा.

तो पेट्रोल भरायला गेला नाही. एवढं मला नक्की माहितेय. पण आधी किती होतं? निम्मं असेलही. असू दे निम्मं.

१० जानेवारी, शुक्रवार

पुरुष जुम्म्याच्या नमाजाला गेले, आई झोपली होती. टाकीचं झाकण घट्ट होतं. टाकी शाबूत. बागेतली नळी कापून आत घातली आणि तोंडानं ओढलं. तोंडभर पेट्रोल. थुंकले, परत ओढलं.

तीन लिटर. दोनदा मोजलं. नव्वद लिटरच्या टाकीत तीन.

मग आमच्या गाडीची बॅटरी काढून पंपाच्या तारांना लावली, यारूबनं एकदा दाखवलं होतं तसं. पंप गुणगुणायला लागला. एकदम ठणठणीत.

सगळं परत टाकीत ओतलं. का ओतलं माहीत नाही. तोंडाची चव अजून जात नाही.

११ जानेवारी

काकांना सांगितलं. वाटलं, हायसं वाटेल त्यांना! कुठलं काय. ते कोपऱ्यात जाऊन पाठमोरे उभे राहिले.

मी म्हटलं, आज बाबांना सांगते. अख्ख्या गावाला सांगते.

'नाही सांगायचं.'

मी म्हटलं, तुमचं गॅरेज बुडतंय, काका.

'बुडू दे. मी पासष्टचा झालो. हे बघ, तुझा बाप सकाळी उठतो तो माझ्यावर राग धरून. तो राग काढून घेतलास तर उठेल कशाच्या जोरावर?'

मी भांडले. खरं ते खरं, असलं काहीतरी मोठं मोठं बोलले. काकांनी ऐकून घेतलं आणि मला थर्मासमधली कॉफी ओतून दिली.

१३ जानेवारी

काका जाणार. सोहारला, मुलीकडे. गॅरेजची हत्यारं सामान न्यायला ठरवलेल्या टेम्पोवाल्याला देऊन टाकली. बाबांना ही बातमी जेवताना कळली. पुढं जेवले नाहीत.

आई म्हणाली, 'चाळीस वर्षांपासूनचा माणूस आपला. जाताना तरी भेटा.' बाबा उठून गाडीपाशी जाऊन बसले.

१४ जानेवारी, मंगळवार

ठरवलं. सांगणार. एका माणसाला वाचवायचं तर दुसऱ्याला मारावं लागतं, हे मी गोष्टीत दहा वेळा लिहिलं असतं. इथं तो दुसरा माझा बाप आहे. रोज सकाळी माझ्यासाठी बिया काढून खजूर ठेवतो. अजूनही. आजही ठेवले होते.

संध्याकाळी गेले त्यांच्याजवळ. 'चहा आणू?' एवढंच विचारून परत आले.

काका उद्या दुपारी निघतायत. म्हणजे उद्या सकाळ.

१५ जानेवारी, बुधवार

सकाळी गेले. म्हटलं, बाबा, पंप चालतो. मी बघितलंय. टाकीत —

'तीन लिटर,' बाबा म्हणाले.

गाडी घरी आली त्याच दिवशी त्यांनी मोजून परत ओतलं होतं. आम्ही सगळ्या आत होतो. तोवर त्यांना खरंच पंपच वाटत होता. नंतर काकांना दोष देणं थांबवता आलं नाही, म्हणाले.

मी म्हटलं, काका अजून गेले नाहीत, चला. ते हलले नाहीत. मग माझं मनगट धरलं, आणि इतक्या हळू बोलले की वाकावं लागलं.

'तुझ्या आईला कळू देऊ नकोस.'

काकांना घेऊन टेम्पो दोन वाजता आमच्या दारावरून गेला. मी हो म्हटलं होतं.