विसावं नाव

१२ जून

प्रिय बंधुराज,

आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. माझा गुडघा बरा आहे, न्हाणीघराची गळती प्लंबरने एकदाची थांबवली. तुझी थोरली माझ्याकडे मजेत आहे असं दर वेळी लिहिते, तसं आजही लिहिणार होते.

तू विचारलंस, धाकटीलाही आमच्याच कॉलेजात आंतरविद्याशाखीय पदवीला घालू का. फी परवडते, वर आत्या घरचीच. नको घालूस. कारण सांगते, पण आधी माझं काम काय असतं ते ऐक.

कॉलेजचं वेळापत्रक मी लावते. दोन वर्षांपूर्वी तीन विभाग बंद झाले आणि पाच प्राध्यापक रिकामे बसले. त्यांना कुठेतरी चिकटवायचं म्हणून ही पदवी निघाली. सोमवारी जो मोकळा, त्याचा विषय सोमवारी. भूगर्भशास्त्राच्या शेजारी नाट्यवाचन येतं ते एवढ्याच कारणाने. माहितीपत्रकातलं 'ज्ञानशाखांचा संगम' हे मात्र माझं. तू ते चारचौघांत वाचून दाखवलंस म्हणे.

थोरलीने पहिल्याच महिन्यात ऑफिसात येऊन विचारलं होतं, "आत्या, या विषयांचा एकमेकांशी संबंध काय?"

"तो तूच लावायचा," मी म्हटलं. सगळे हसले, तीही हसली. पुढे तिने काही विचारणंच सोडलं. हल्ली पुस्तक उघडं ठेवून खिडकीबाहेर बघत बसते. तिला नद्या आणि नदीकाठची माणसं एकत्र शिकायची होती, आठवतंय? बहुधा नसेल. तू तेव्हा एवढंच विचारलंस, स्वस्त आहे ना, राहण्याजेवण्याचं मिटलं ना. तूही काही धुतल्या तांदळासारखा नाहीस.

आता खरं सांगते. तिने स्वतः एक कॉलेज शोधून काढलं होतं. तिथे हाच अभ्यास नीट शिकवतात, दर सत्रात मुलांना नदीवर नेतात. ती फी आपल्याला झेपणार नाही, असं मीच तुम्हाला सांगितलं. निम्मी फी माफ होते हे मला तेव्हाच ठाऊक होतं. त्यांचं पत्रक माझ्याच खणात होतं. पण आमच्याकडे अर्ज आले होते एकोणीस. वीस मुलं नसली की तुकडी बंद, आणि तिच्याबरोबर माझी जागाही. विसावं नाव मी घरातलंच घातलं. बाकीच्या एकोणीस जणांना कुणी फसवलं, देव जाणे.

वर्षभर रोज तिचा डबा भरते आणि तिच्या तोंडाकडे बघत नाही. मला माझीच किळस येते.

परवा त्या कॉलेजला फोन केला. इथले विषय ते धरत नाहीत, पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागेल. फीमाफी अजून आहे. तिचं वर्ष मी खाल्लं, ते भरून देता येत नाही. पत्रक सोबत जोडलंय. धाकटीला काय शिकायचंय ते मात्र आधी तिला विचार, मला नको.

कॉलेज सोडण्याचा अर्ज माझ्याच टेबलावरून जातो. आज तो भरून त्यावर शिक्का मारला, माझी सही केली. फक्त थोरलीची सही बाकी आहे. ती झाली की इथे एकोणीस उरतील.

हे पाकीट मी चिकटवलेलं नाही. टपालात टाकायला तिच्याच हाती देणार आहे, आणि आधी वाच म्हणणार आहे.

तुझी ताई,
आणि ती म्हणू देईल तोवर, तिची आत्या