चाळणीखालचं घड्याळ

ब्राह्मी,

टेबलावर पिठाची चाळण पालथी घातलीया, ती उचलू नको आणि पंखा तर अजिबात लावू नको. खाली तुझ्या आईचं घड्याळ हाय. चाललं बघ! अकरा वाजता सेकंदकाटा हलला आणि मी एकटाच ओरडलो. ट्रॅक्टरचे नट पिळणारी ही बोटं, पण मुंगीच्या डोक्याएवढे स्क्रू बसवले पोरी! लग्नात तुझ्या मामीच्या हातातलं परदेशी घड्याळ आई टक लावून बघत होती ना, त्याची हुबेहूब नक्कल झालीया.

घोटाळा एकच. सुट्या भागांबरोबर पट्टा चामड्याचा आला. आपण जैन माणसं, आई चामडं हाताला बांधंल व्हय? म्हणून स्टीलचा आणायला सांगलीला निघालोय.

डायलवर त्या बड्या कंपनीचं नाव होतं, ते पुसून टाकलं. मी एकदा खोटं बोललोय, आता घड्याळानं तरी बोलू नये. त्या दिवशी आभाळ भरलं होतं, मला भूक लागलेली, पण आई दिवस बुडाल्यावर जेवत नाही आणि मला एकट्याला जेवायचं नव्हतं. "दिवस बुडायला अजून वेळ हाय, जेवून घे," म्हणालो, आणि बुडाला होता. दुसऱ्या दिवशी तिनं प्रायश्चित्त म्हणून उपास केला. आधी गोठ्यातनं "आवं, किती वाजलं?" म्हणून मला हाक मारायची. आता भिंतीपलीकडं पद्माकाकूला विचारते.

मी साडेपाचपर्यंत येतोच. त्याआधी ती भिंतीकडं निघाली, तर बिनपट्ट्याचंच तिच्या हातावर ठेव.

मुद्दाम पाच मिनिटं पुढं लावलंय. तेवढं तिला आधी सांग.

अण्णा